मास्तरांचा तंबू

थंडीच्या सुट्टीत उबदार मुलखात जायचं आणि लॉजवर न राहता समुद्राकाठी उघड्यावर राहायचं, हे मास्तरीणबाईंनी ठरवलं. तंबू विकत न आणता घरीच शिवायचा, हे त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे टेलरमास्तरांनी ठरवलं. घोटाळा झाला तो इथेच.

मास्तरांचा हात काय वर्णावा! त्यांनी शिवलेली पॅन्ट बाप घालायचा, मग थोरला, मग धाकटा. कापड विरायचं, शिलाई हलायची नाही. तंबूलाही त्यांनी कोटाचं कापड घेतलं, आतून अस्तर लावलं (थंडीचे दिवस ना!) आणि दाराला लांबलचक चेन बसवली.

बाईंची अट एकच. "अहो, तंबूने पहिल्या दिवशी दगा दिला, तर सगळी सुट्टी माझ्या भावाकडे. तिथून जवळच राहतो तो."

मेहुणा माणूस चांगला, पण त्याची थट्टा सुरू झाली की थांबायची नाही.

समुद्रावर तंबू उभा राहिला तो बंगल्यासारखा. येणारेजाणारे थांबून बघत होते. जेवण झाल्यावर मास्तर आत आडवे झाले. वाळू उडायला लागली, म्हणून बाईंनी बाहेरून चेन लावली आणि त्या पाण्यात पाय बुडवायला गेल्या.

मास्तरांना जाग आली ती घामाने. हिवाळा कसला, ऊन नुसतं भाजत होतं. ते चाचपडत चेनपाशी गेले. चेन होती, पण ती ओढायचा रनर आतल्या बाजूला नव्हता. जन्मभर पॅन्टच शिवत आलेल्या माणसाने तो आपसूक बाहेरून बसवला होता. (तंबू घरी उभा करून पाहिला होता, पण आत शिरून नाही. शिंपी पॅन्ट शिवतो, तिच्यात राहायला जात नाही.)

ओरडावं तर तंबूने दगा दिला असंच ठरणार. त्यांनी धक्के मारले, लाथा मारल्या. शिलाई ढिम्म. खिशात छोटी कात्री होती. ती त्यांनी दोनदा शिवणीला लावली, पण ते एकसारखे टाके बघून हात पुढे जाईना.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मेहुणा!

"दाजी, आत आहात का?"

"आहे की."

"या ना बाहेर."

"नको रे. आत काय गारवा आहे!" मास्तरांच्या नाकावरून घामाचा थेंब टपकला.

"असं? मग मीच येतो गारव्याला."

आणि त्याने चेन उघडली. आतून जी वाफ आली, तिने त्याचा चष्मा धुरकटला. पाठोपाठ मास्तर बाहेर आले, नखशिखांत भिजलेले.

"दाजी, पोहून आलात काय?" मेहुणा हसून हसून वाळूत बसला. तेवढ्यात बाई पोचल्या. "ताई, चल माझ्याकडे," तो म्हणाला. "पंख्याखाली झोपा."

मास्तरांनी मान खाली घालून रनरचं आणि लाथांचं सगळं सांगितलं. बाईंनी मात्र तंबूच्या शिवणींवरून हात फिरवला. एकेक कोपरा ओढून बघितला.

"यांनी आतून एवढी धडपड केली, पण एक टाका उसवलाय का बघ," त्या म्हणाल्या. "दगा तंबूने नाही दिला, यांच्या डोक्याने दिला. अट तंबूची होती. आम्ही इथेच राहणार. सामान तंबूत आणि आम्ही बाहेर, वाऱ्यावर."

मास्तरांना वाटलं, हिच्यासारखी बायको दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.

मेहुण्याने चष्मा पुसला, शिवण निरखली आणि त्याचं हसूच थांबलं. "खरंच की! काय मजबूत काम आहे, दाजी! मला एक असाच शिवून द्याल?"

मास्तरांची छाती फुगली. इतक्या वर्षांत मेहुण्याच्या तोंडून पहिलंच कौतुक! "देतो की! किती जणांसाठी?"

"एकासाठीच. आमच्या कुत्र्याला. मेला कशातूनही पळतो."

मास्तरांची फुगलेली छाती खाली आली. बाईंनी तोंडाला पदर लावला.

पण धंद्याची सवय ती. मास्तरांनी घसा खाकरला आणि विचारलं, "झोपतो कसा? सरळ, की वेटोळं करून?"