व्हॉल्व्हच्या पोटातली चांदी

"पद्मा, ट्रंका बांधू नकोस! आपण भोपाळला जाऊन नाही राहिलो!"

कोट खुंटीला लावण्याआधीच नानांनी घोषणा केली. सन छप्पन्नचा ऑक्टोबर होता. ग्वाल्हेरची राजधानी जाणार, नवं राज्य भोपाळहून चालणार, आणि लष्कर भागातल्या घराघरात बदलीच्या यादीचा धसका! नाना कंपू भागातल्या एका सरकारी गोदामाचे स्टोअरकीपर. संस्थानाच्या काळातले मोडके रेडिओ, त्यांतून काढलेले काचेचे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, सगळं त्यांच्या ताब्यात. हुकूम साफ होता: कामाचा माल स्टोअरकीपरसह भोपाळला, निकामी माल स्टोअरकीपरसह इथंच. पेन्शनला दोन वर्षं उरलेली, आणि गाव सोडायची नानांची मुळीच तयारी नव्हती.

"चारशे डबे, चारशे चिठ्ठ्या!" नाना म्हणाले. "सगळ्यांवर एकच शब्द, निकामी! खाली माझी सही!"

"आणि तुमच्या तोंडाचं काय?" पद्माबाई म्हणाल्या. "त्याच्यावरही एक चिठ्ठी चिकटवून जा."

पद्माबाईंना अनुभव होता. भाचीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत भटजींना थांबवून 'भोंग्याचा कंडेन्सर गेलाय' असं सांगणारा हा माणूस!

दुसऱ्या दिवशी तपासणीला नागपूरचे विश्वासराव साहेब आले. त्यांनी एक व्हॉल्व्ह उचलला. काचेच्या आत, माथ्याशी, काळपट चकाकता डाग होता.

"हा जळलेला दिसतो."

'हो साहेब' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! चपराशी कान्होजीची म्हैस ग्वाल्हेरात, म्हणून त्यालाही इथंच राहायचं होतं. तो लगेच म्हणाला, "जळला साहेब, पूरा जळला!"

नानांना राहवेना.

"जळला? साहेब, ती चांदी आहे! ही चकाकतेय तोवर व्हॉल्व्ह जिवंत. आत हवा शिरली की ही दुधासारखी पांढरी पडते, तेव्हा समजायचं, मेला!"

"असं? मग हा?"

"हाही जिवंत!"

कान्होजी खोकला.

"आणि हा?"

"एकदम तगडा, साहेब!"

कान्होजीला खोकल्याची उबळच आली. "जा रे, पाणी पी!" नाना खेकसले.

"पण नुसती चांदी बघून काय कळतं?" साहेब हसले. "वाजला तर खरं."

झालं! नानांनी कोट काढला. या डब्यातले व्हॉल्व्ह, त्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर, तिसऱ्यातला स्पीकर, आणि एरियल म्हणून कान्होजीचं धोतर वाळत घातलेली तार! स्विच दाबला. अर्धं मिनिट काहीच नाही. कान्होजीने मनातल्या मनात मारुतीला नारळ कबूल केला. मग गुणगुण सुरू झाली आणि दिल्लीच्या बातम्या अशा गरजल्या की छपरावरची कबुतरं उडाली.

"बघा! सगळा माल एक नंबर!" नाना टाळ्या पिटत ओरडले.

"खरं सांगू नाना?" साहेब खिशातला कागद फाडत म्हणाले. "सगळा निकामी असं मी लिहूनच आणलं होतं. आता माल भोपाळला. आणि तो ओळखणारा दुसरा कोण? तुम्हीपण चला! रिकामं गोदाम सांभाळायला कान्होजी राहील इथं."

कान्होजीचा खोकला तिथल्या तिथे बरा झाला.

भोपाळच्या नव्या साहेबांनी मात्र डब्यांवर तशाच राहिलेल्या चिठ्ठ्या वाचल्या आणि सगळे डबे एका पत्र्याच्या शेडमध्ये टाकायला लावले.

"साहेब, सगळे जिवंत आहेत! आतली चांदी तर बघा!"

"निकामी कोणी लिहिलं?"

"मीच."

"सही?"

"माझीच."

"मग झालं तर!"

संध्याकाळी पद्माबाई ट्रंका सोडत होत्या. "काय काम दिलं हो इथं?"

"निकामी माल सांभाळायचं," नाना पुटपुटले.

"अगं बाई! हेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

नाना काही बोलले नाहीत. हेच गप्प बसणं त्यांना ग्वाल्हेरला जमलं असतं तर!