अकरा अभिप्राय आणि चौऱ्याण्णवावं पान

माणसाला दोन गोष्टी एकट्याने नीट करता येत नाहीत: स्वतःच्या पाठीला मलम लावणं आणि स्वतःच्या लिखाणाला दाद देणं. पहिल्या कामासाठी कुटुंबसंस्था निर्माण झाली. दुसऱ्यासाठी आमच्या मामांचं सर्जन-संवर्धन मंडळ आहे.

मंडळाचे बारा सभासद दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतात. सगळेच लिहितात. (नुसतं वाचणाऱ्या एका गृहस्थांनी मध्यंतरी अर्ज केला होता. हेतू स्पष्ट होत नसल्याने तो फेटाळण्यात आला.) नियम मोजके आहेत: कोणतीही निर्मिती वाईट नसते, हाती आलेल्या साहित्यावर सात दिवसांत लेखी अभिप्राय द्यावा, तो चार वाक्यांहून कमी नसावा, 'पण' हा शब्द टाळावा. अशा पोषक वातावरणात सभासदांच्या सर्जनशीलतेत गेल्या वर्षी एकशे चाळीस टक्के वाढ झाल्याचं वार्षिक अहवालात म्हटलं आहे. (मोजमापाचं एकक दिलेलं नाही. मी विचारलं होतं.)

मामा पाइपलाइनचे नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि तीन वर्षं खपून त्यांनी तीनशे चार पानांची कादंबरी लिहिली. त्यातलं त्यांच्या लेखी महत्त्वाचं पान एकच, चौऱ्याण्णवावं. त्यात नायकाचा धाकटा भाऊ घर सोडून जातो आणि नायक त्याला थांबवत नाही. माझे धाकटे मामा असेच गेले. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी त्यावर बोलत नाही.

"बाकीचं सगळं त्या पानापर्यंत पोचायला लिहिलंय," मामा मला म्हणाले. "ते जमलंय का, एवढंच कोणीतरी सांगावं."

अकरा प्रती काढून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे मी सगळं बारकाईने बघते असा लोकांचा समज आहे. झेरॉक्सच्या दुकानात दोन गठ्ठे शेजारी शेजारी होते. कादंबरीची एक्क्याऐंशी ते एकशे बारा ही पानं भलत्याच गिऱ्हाइकाबरोबर गेली आणि त्यांच्या जागी कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपुस्तिका बांधली गेली. मी प्रती ताब्यात घेण्यापूर्वी बांधणी तपासली. घट्ट होती.

सात दिवसांत अकरा अभिप्राय आले, म्हणजे शंभर टक्के. (आमच्या प्रयोगशाळेत असा निकाल आला की आधी उपकरण तपासतात.) 'अंगावर काटा आला' सहा जणांनी लिहिलं, 'खाली ठेववेना' आठ जणांनी, 'डोळे पाणावले' सात जणांनी. एकाच व्यक्तीत एकाहून अधिक लक्षणं आढळू शकतात.

मामा प्रत्येकाला चौऱ्याण्णवाव्या पानाबद्दल वेगळं विचारत.

"तिथे मी थांबलेच हो," निवृत्त नर्सबाई म्हणाल्या. "पुढे वाचवेना." त्या आणखी बऱ्याच आधी थांबल्या असाव्यात.

विमा एजंट म्हणाले, "त्या पानावर एक शब्द जास्त नाही." हे मात्र बिनचूक होतं. त्या पानावर लिहिलं होतं की ड्रम फिरायचा थांबेपर्यंत दार उघडू नये.

चूक मामींना सापडली. मामी मंडळाच्या सभासद नाहीत, त्या नुसत्या वाचतात. परत आलेली एक प्रत त्यांनी दुपारी हातात घेतली.

"अहो, तुमचा नायक तावातावाने उठतो आणि एकदम सुती कपडे वेगळे काढायला लागतो. का?"

"तू मशीनचं पुस्तक वाचत असशील."

"मशीनचं पुस्तक एवढं लांबत नाही."

मामांनी प्रत पाहिली. मग उरलेल्या दहा पाहिल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत, यापेक्षा बोलले असते तर परवडलं असतं. मंडळात जाब विचारायचा आणि सगळ्यांची हस्तलिखितं त्यांच्या पुढ्यात ठेवून बाहेर पडायचं, असं ठरवून त्यांनी कपाट उघडलं. नर्सबाईंच्या कथासंग्रहाचं पाकीट अजून चिकटवलेलंच होतं. त्यावर मामांनी सहा वाक्यांचा अभिप्राय दिला होता. डोळे तिसऱ्या वाक्यात पाणावले होते.

रविवारी मामा मंडळात गेले, सर्वांचे आभार मानले आणि घरी आले.

तोपर्यंत मामींनी मूळ हस्तलिखित काढून चौऱ्याण्णवावं पान गाठलं होतं. मामा नाकावरचा चष्मा घरभर शोधू लागले.

"भाऊजी गेले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात, असं लिहिलंय."

"मग?"

"तुम्ही आतल्या खोलीत होतात. रेडिओ लावून. दारात मी होते."

 मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला साहित्यातलं काही कळत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते पान पुन्हा लिहायला बसले आहेत. आजपर्यंत एकोणीस खर्डे झाले. मामी प्रत्येक खर्डा वाचतात आणि "अजून नाही" म्हणून परत देतात. हा अभिप्राय दोन शब्दांचा असल्याने नियमात बसत नाही. मामांनी गेल्या दोन महिन्यांत नवीन काहीच दिलं नाही, याची मंडळाने गंभीर दखल घेतली असून घरच्या वातावरणाबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव एकमताने संमत केला आहे.

आपणही काहीतरी लिहून ठेवलं असेलच. संकोच न करता पाठवून द्या. मला ते फार आवडलं. शेवट तर अजून डोक्यातून जात नाही.