एकोणीस नारळ गोव्याला

श्यामसुंदर खोटं बोलले ते जेमतेम अर्धं वाक्य. पण ते नारायण पेठेत बोलले, आणि तेही सकाळी दूध घ्यायच्या वेळी, जिन्याच्या तोंडाशी.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून ओवीने, म्हणजे त्यांच्या नातीने, आजी-आजोबांना गोव्याची सहल भेट दिली होती. कळंगुटला समुद्राला लागून हॉटेल, तीन रात्री, जायला-यायला विमान. तळमजल्यावरच्या अभयरावांना माळ्यावरून बॅगा उतरवल्याचा आवाज गेला होता.

"कुठे दौरा?" त्यांनी विचारलं.

"गोव्याला."

"गोव्याला," अभयराव म्हणाले आणि दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "चांगलं आहे. काहीजण पंचाहत्तरीला सुरू करतात. डॉक्टरांना विचारलंत ना?"

श्यामसुंदरांनी आयुष्यभर कोकम सरबतापलीकडे काही घेतलं नव्हतं. ते घाईघाईने म्हणाले, "अहो, कुलदेवी आहे आमची तिथे. फोंड्याजवळ. तिला चाललोय."

कुलदेवी खरोखरच फोंड्याजवळची होती. फक्त तिच्याकडे जायचं ठरलेलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा सुहासिनीबाईंच्या हातातलं पोळीचं उलथनं थांबलं. "अहो, समुद्रावर चाललोय म्हणायला काय झालं होतं?"

"असं कसं सांगायचं? बरं दिसतं का या वयात?"

सुहासिनीबाईंनी पोळी उलटली. गोव्याला त्या एकदाच गेल्या होत्या, लग्नानंतर महिन्याभराने. तेव्हा रात्रभर एसटीने जावं लागे आणि एकट्या नवराबायकोने जायची पद्धत नव्हती, म्हणून सासूबाई आणि आत्याबाई बरोबर. पाच दिवसांत अकरा देवळं झाली. समुद्र दिसला तो बसमधून, डाव्या बाजूच्या खिडक्यांतून. सुहासिनीबाईंना उजवीकडे जागा मिळाली होती. नंतर संसार, शाळा, आजारपणं, आणि समुद्र तसाच राहून गेला. या वेळी त्यांनी ओवीला एकच गोष्ट सांगितली होती, "मला एक अख्खी संध्याकाळ पाण्यात पाय सोडून बसायचंय. बाकी काही नको." ओवीने त्यांच्यासाठी गुडघ्याखाली येणारी एक सुती विजार आणून ठेवली होती. दार लावून त्यांनी ती घालून पाहिली होती, दोनदा.

दुपारी चारला, पेठ झोपेतून उठल्याबरोबर, पहिली बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाई खण आणि नारळ घेऊन उभ्या होत्या. "देवीला निघालात म्हणे. माझ्या नावाने एवढी ओटी भरा."

देवीला निघालेल्या माणसाबरोबर ओटी पाठवायची नाही, हे त्यांच्या मुक्ताई अपार्टमेंटमध्ये कधी घडलं नव्हतं. दोन दिवसांत दिवाणखान्यात एकोणीस नारळ जमले. एकाच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं, एकीचा गुडघा होता, आणि अभयरावांनी कसलंही कारण न सांगता दोन नारळ आणून ठेवले.

"आपण गोव्याला नारळ घेऊन चाललोय," सुहासिनीबाई म्हणाल्या. "गोव्याला."

"एक दिवस देवीला देऊ," श्यामसुंदर म्हणाले. "दोन दिवस उरतात."

तेवढ्यात विमलाबाई आल्या. विमलाबाई समोरच्या दारात राहत. वय सत्त्याहत्तर, छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं, शेवटची आठ मुख्याध्यापिका. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झाली होती, त्यात श्यामसुंदरांचा मुलगा आमोदही होता. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मीही येते म्हणते दर्शनाला. माझं तिकीट मी काढीन. तुमची अडचण होणार नसेल तर."

देवीला निघालेल्या विमलाबाईंना नको म्हणायचं कसं, हे दोघांनाही सुचलं नाही. जाण्याआधी विमलाबाईंनी सगळे नारळ तपासले आणि प्रत्येकावर नाव आणि गोत्र लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. अभयरावांच्या एका नारळाची शेंडी त्यांना पसंत पडली नाही. तो बदलून आणायला लावला.

विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, आठ किलो जास्त होतंय. काय आहे यात?"

"नारळ," श्यामसुंदर म्हणाले.

"गोव्याहून येताना आणतात ना, सर?"

"आम्ही नेतो," विमलाबाई म्हणाल्या. मुलगी सरळ बसली. बहुतेक तिलाही शाळा आठवली असावी.

जास्तीच्या वजनाचे पैसे भरणं श्यामसुंदरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. सोडायला आलेला आमोद अजून बाहेर थांबला होता. बॅगा उघडल्या गेल्या. देवीचं काही काढता येईना, विमलाबाईंची पोथी काढता येईना. मग मोठे टॉवेल निघाले, दोन चादरी निघाल्या, चिवड्याचा डबा निघाला, आणि शेवटी ती विजारही निघाली. सुहासिनीबाईंनी दाराशी जाऊन ती आमोदच्या हातात देताना घडी नीट केली. श्यामसुंदरांनी ते पाहिलं आणि विमान सुटेपर्यंत ते उगाचच विमानाच्या वेगाबद्दल बोलत राहिले.

गोव्यात उतरल्यावर विमलाबाईंनी विचारलं, "समुद्र हॉटेलपासून किती लांब आहे?"

श्यामसुंदरांना वाटलं, संशय आला. ते म्हणाले, "आपल्याला काय करायचंय समुद्राशी? आपण देवीला आलोय. मी तर म्हणतो आधी दर्शन, मग हॉटेल."

"वा," विमलाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

टॅक्सी थेट देवळात गेली. दुपारी दार बंद. तीनला उघडलं. भटजींनी नारळांच्या पिशव्या बघितल्या आणि कपाळाचा घाम पुसला. प्रत्येकाची ओटी वेगळी, प्रत्येकाचा संकल्प वेगळा, आणि गोत्र चुकलं की विमलाबाई मागून दुरुस्त करत. आरतीपर्यंत चार नारळ झाले.

दुसऱ्या दिवशी कळंगुटहून फोंड्याला दीड तास, येताना दीड तास. मध्ये भटजींना एक मुंज होती. सात नारळ झाले.

"दमला असाल, विमलाबाई," परत येताना सुहासिनीबाई आशेने म्हणाल्या. "उद्या तुम्ही आराम करा हवं तर."

"छे छे. तुम्ही दोघं एवढं मनापासून करताय, मी कशी आराम करू?" विमलाबाई म्हणाल्या. "तुम्हाला दमल्यासारखं होत असेल तर सांगा."

"देवीच्या कामात दमणं कसलं," श्यामसुंदर म्हणाले. सुहासिनीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की टॅक्सीवाल्यानेही आरसा सरळ केला.

हॉटेलच्या खोलीत लाटांचा आवाज येत होता. पडदा सारला की काळोखात एक पांढरी रेघ दिसे आणि मोडे.

तिसऱ्या दिवशी आठ नारळ उरले होते आणि त्यातला सुंदराबाईंचा तडकलेला निघाला. पाणी पिशवीत गेलेलं. विमलाबाई म्हणाल्या, परस्पर बदलायचा नाही, विचारायचं. फोन लावला.

"इथला दुसरा घेतला तर चालेल का?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"इथला म्हणजे कुठला?"

"गोव्याचा."

सुंदराबाई पलीकडे बराच वेळ विचार करत होत्या. "आता तुम्ही घेताय तर चालवून घेईन," त्या म्हणाल्या. "पण माझा मंडईतला होता. वाजवून घेतलेला."

गोव्याचा नारळ वाजवून घेण्यात अर्धा तास गेला. शेवटची ओटी भरली तेव्हा साडेतीन वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान होतं. टॅक्सी हॉटेलच्या फाटकाशी थांबली तेव्हा पाच वाजून गेले होते. विमलाबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "आता जरा बसून सगळे मिळून स्तोत्र म्हणू या का? शेवटची संध्याकाळ आहे. तुम्हाला तसंच आवडेल."

श्यामसुंदर "हो" म्हणणार होते. त्यांचे ओठ तसे हललेही.

"मी समुद्रावर चाललेय," सुहासिनीबाई म्हणाल्या. "विमलाबाई, तुम्हाला पेठेत कुणाला काय सांगायचं ते सांगा. आम्ही देवीसाठी आलोच नव्हतो. मला पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. पन्नास वर्षं झाली. हे अभयरावांना घाबरले आणि देवीचं नाव सांगून बसले."

विमलाबाई हातातल्या प्रसादाच्या पुड्याकडे पाहत राहिल्या. श्यामसुंदरांना वाटलं, आता अंगठे धरायला सांगतात.

"मग तीन दिवस मला देवळात कशाला बसवलंत?" विमलाबाई म्हणाल्या.

"आम्ही? अहो, चिठ्ठ्या तुम्ही लावल्यात. गोत्रं तुम्ही सांगितलीत," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"तुमची देवी, तुमचा उत्साह. पाहुण्याने मोडता घालायचा का? आमची कुलदेवी तुळजापूरची आहे."

"मग आलात कशाला?" श्यामसुंदरांच्या तोंडून निघून गेलं.

विमलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "छत्तीस वर्षं भूगोल शिकवला मी. भरती, ओहोटी, खारे वारे, मतलई वारे. फळ्यावर निळ्या खडूने लाटा काढायचे. मी समुद्र पाहिलेला नाही, श्यामसुंदरराव. कुणी नेलं नाही आणि एकटीने जाते म्हणायला लाज वाटली. तुम्ही देवीला चाललात असं कळलं, म्हटलं देवीच्या आडून एखादी लाट तरी बघायला मिळेल."

मग सुहासिनीबाईंनी विमलाबाईंच्या हातातला पुडा घेतला, नवऱ्याच्या हातात दिला, आणि विमलाबाईंचा दंड धरून निघाल्या.

वाळूत विमलाबाईंची चाल मंदावली. पाण्याच्या पहिल्या रेघेपाशी त्या थांबल्या. लाट आली, घोट्यांवरून गेली, आणि परत जाताना तळव्यांखालची वाळू ओढून घेऊन गेली. विमलाबाईंनी सुहासिनीबाईंचा हात घट्ट धरला.

"हे पुस्तकात नव्हतं," त्या म्हणाल्या. "पायाखालचं काढून नेतो हे. मी मुलांना कधी सांगितलंच नाही."

सुहासिनीबाई नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात बसल्या. विमलाबाई शेजारी बसल्या. श्यामसुंदर मागे बूटमोजे घालून, दोन जोड चपला आणि एकोणीस ओट्यांचा प्रसाद सांभाळत उभे होते.

"अहो, या ना," सुहासिनीबाईंनी हाक मारली.

"प्रसाद भिजेल."

"भिजू दे. देवी काही म्हणणार नाही. तिने तीन दिवस बघितलंय आपल्याला."

मग श्यामसुंदरांनी बूट काढले. अंधार पडेपर्यंत तिघं बसून होती. मक्याची कणसं खाल्ली. एकदा मोठी लाट आली तेव्हा विमलाबाई हसल्या, आणि त्यांना हसताना आपण आज पहिल्यांदाच पाहतोय, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

पुण्यात परतल्यावर विमलाबाईंनी घरोघर जाऊन प्रसाद वाटला. तो थोडा खारट लागत होता, पण कुणी तसं म्हटलं नाही. आठवड्याने जिन्यातल्या फलकावर त्यांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली :

"पुढील वर्षी कुलदेवीदर्शन सहल. स्थळ : गोवा. पहिला दिवस : दर्शन. दुसरा ते पाचवा दिवस : मुक्त चिंतन. प्रत्येकाने आपला टॉवेल आणावा. नारळ आणू नयेत."

संध्याकाळपर्यंत खाली चौदा नावं लागली होती. पहिलं अभयरावांचं होतं. चौदापैकी नऊ जणांची कुलदेवी तुळजापूरची होती, तिघांची कोल्हापूरची. उरलेल्या दोघांनी चौकशी करून कळवतो असं लिहिलं होतं.