आमच्या घरातून जाणारा रस्ता

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात वाळूजच्या रस्त्यावर माझी स्कूटर एका आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडली. मी तिला आडवी केली, उभी केली, प्लग काढून फुंकला आणि शेवटी तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून आयुष्यातला एक मोठा निर्णय घेतला. (माझे मोठे निर्णय मी बहुतेक भर उन्हात घेतो. ते पुढं दिसून येतं.) बजाजनगरचं घर विकायचं आणि शहराच्या पोटात, गुलमंडीच्या आसपास घर घ्यायचं. म्हणजे ऑफिस पायी, भाजी पायी, देऊळ पायी, दवाखाना पायी.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. मनकर्णा पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "पायीच चालायचं असंल तर बिडकीनला चला माझ्या माहेरी. तिथं सगळंच पायी हाये. विहीरसुद्धा."

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक क्लार्क आहे. समोरच्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि त्यावर काहीच करायचं नाही, याची मला वीस वर्षांची सवय आहे. दुसऱ्याच दिवशी मी बन्सीला गाठलं.

बन्सी हा घरांचा दलाल. त्यानं गुलमंडीमागच्या एका गल्लीत मला शंभर वर्षांचं घर दाखवलं. दगडी जोतं, हातभर जाडीच्या भिंती, सागवानी खांब, मधोमध फरसबंद चौक. पुढचं दार कापडवाल्यांच्या गल्लीत, मागचं दार भाजीवाल्यांच्या. बन्सीनं दाराच्या चौकटीवर थाप मारली. "निजामाच्या काळातलं काम हाये साहेब. अजून शंभर वर्षं हालत नाय."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक माणूस पुढच्या दारानं आत आला, रामराम करून मागच्या दारानं निघून गेला.

"हे कोण?" मी विचारलं.

"ओळखीचे," बन्सी म्हणाला.

घरमालक बद्रीनाथशेट सिडकोत फ्लॅट घेऊन चालले होते. वाडवडिलांचं घर सोडताना माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं असं ऐकलं होतं. शेटजींच्या डोळ्यांत मला वेगळंच काही दिसलं. शाळा सुटताना पोरांच्या डोळ्यांत असतं तसं. किल्ल्या देताना माझा हात दाबून म्हणाले, "घर लई मोकळं हाये. माणसांची सवय असली म्हंजे झालं." मला ते शेजाऱ्यांचं कौतुक वाटलं.

पहिल्या दिवशी सकाळी मी चौकात टॉवेल गुंडाळून दात घासत उभा होतो. मागच्या दारातून एक सायकल आली. सायकलवर माणूस नव्हता, तो शेजारून सायकल धरून चालत होता. (घरातून सायकल चालवत नेणं बरं दिसत नाही, एवढी त्याला रीत होती.) त्याच्या मागं दोन पोरी दप्तरं घेऊन. त्यांच्या मागं फुलांची पाटी डोक्यावर घेतलेल्या एक बाई.

माझ्या तोंडात फेस होता. तो थुंकून मी विचारलं, "कोण तुम्ही?"

बाईंनी मला टॉवेलापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी हे घर घेतलंय."

"व्हय का? घ्या की. ती बादली तेवढी सरकवा."

मी बादली सरकवली. त्या आवडाबाई. मागच्या गल्लीत राहायच्या आणि पुढच्या गल्लीतल्या देवळासमोर हार विकायच्या. अशी मागं राहणारी आणि पुढं काम असणारी शेपाचशे माणसं त्या भागात होती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मी घर घेतलं होतं.

आठवड्याभरात मला परिस्थितीचा पूर्ण अंदाज आला. ऑफिसात दिवसाला चाळीस कागदांची आवक-जावक सांभाळणारा मी; घरी नऊच्या आत त्याहून जास्त माणसांची व्हायची. एकदा अंघोळीचं पाणी घेऊन चाललो असताना समोरून हातगाडी आली, आणि मीच मागं सरकून तिला साइड दिली. पुढच्या गल्लीत शिलाईचं दुकान असलेले रशीदभाई रोज चार वेळा जायचे. त्यांना मी समजावून सांगितलं, की हे खासगी घर आहे.

"बराबर हय साब," ते म्हणाले. "लेकिन हमारे दादा बी इधरीच से गये, अब्बा बी इधरीच से गये."

"कुठं गेले?"

"दुकान को," असं म्हणून तेही गेले. दुकानालाच.

मी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. पांढऱ्या पाटीवर काळ्या रंगानं 'हा रस्ता नाही' असं लिहून ती मागच्या दारावर ठोकली. दुसऱ्या दिवशी 'नाही' पुसलेलं होतं. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी 'नाही'च्या जागी कुणीतरी वळणदार अक्षरात 'आहे' लिहून ठेवलं होतं, खाली बाणही काढला होता. त्यानंतर ज्यांना हा रस्ता आजवर माहीतच नव्हता, अशी माणसंही येऊ लागली.

"आता पाटीला हात लावू नका," मनकर्णा म्हणाली. "अजून एकदा लिहिलं तर एस.टी. सुरू व्हईल."

शेवटी मी कुलूप आणलं, चांगलं नारळाएवढं. मागच्या दाराला आतून ठोकलं, किल्ली खिशात घातली आणि ऑफिसला पायी निघालो. मागच्या गल्लीवरून जाताना पाहिलं, तर आवडाबाई पाटी घेऊन दारासमोर उभ्याच होत्या. त्यांनी बंद दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पाटी डोक्यावर चढवून लांबच्या वळशानं निघाल्या. सत्तावन्न-अठ्ठावन्नचं वय, गुडघे धरलेले. मला वाईट वाटलं. (किल्ली खिशातून काढण्याइतकं मात्र वाटलं नाही.)

पाच दिवस घर शांत होतं. इतकं शांत, की मनकर्णा मधूनच उठून दाराकडं बघून यायची.

सहाव्या दिवशी बिडकीनहून माझे सासरे कडूबा मामा घर बघायला आले. मी ऑफिसात होतो. तीनच्या सुमाराला आमच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून रशीदभाई. "साब, आपके ससुरे की तबीयत बिगडी. जल्दी आव."

मी धावत निघालो. धावतच, कारण घर पायी अंतरावर होतं आणि स्कूटर मी मोठ्या अभिमानानं विकून टाकली होती. धावता धावता आठवलं, की पुढच्या गल्लीत आज लग्नाचा मांडव पडलाय. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद. रिक्षा येणार ती मागच्याच गल्लीत. आणि मागच्या दाराची किल्ली माझ्या खिशात माझ्याबरोबर धावत होती. त्या किल्लीचं वजन मला जन्मभर आठवेल.

पोहोचलो तर मागचं दार नव्हतं. दार उघडं नव्हतं, दारच नव्हतं. भिंतीला मोठं भगदाड, आणि चौकात चौकटीसकट दार आडवं पडलेलं. कुलूप त्याला तसंच लटकत होतं, शाबूत. अजून शंभर वर्षं न हालणारी चौकट आमच्याच वरवंट्याच्या सहा घावांत उखडली होती.

"कुलूप तुटंना," आवडाबाई सांगू लागल्या. पदर कमरेला खोचलेला, हाताला चुना लागलेला. "मंग मी म्हणलं, भिंतीलाच मारा. म्हातारा पांढराफटक पडला व्हता. रशीदभाईनं आन् सायकलवाल्यानं उचलून नेला."

"कुठल्या दवाखान्यात?"

"मागच्या गल्लीच्या टोकावरच्या. पायीच हाये," त्या म्हणाल्या. त्यांनी हे सहज म्हटलं असावं.

मामांना ऊन लागलं होतं, त्यात साखर खाली आली होती. सलाईन चढत होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. मनकर्णा पलंगाशी बसली होती. ती रडली असती तरी बरं झालं असतं. तिनं हात पुढं केला. मी मुकाट्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"दार बसवायचं नाय," ती म्हणाली.

"चोर येतील."

"त्यांना जागा कुठं हाये? एवढी माणसं असत्यात."

मामा डोळे उघडून क्षीण आवाजात म्हणाले, "जावईबापू, घर चांगलं हाये. निघायला सोपं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवडाबाईंच्या घरी गेलो. माफी मागायची होती, ती कशी मागतात हे नीट माहीत नव्हतं, म्हणून म्हणालो, "तुमचे गुडघे कसे आहेत?"

"लांबून जाऊन दुखले व्हते," त्या म्हणाल्या. "आता बरे हायेत. चहा घ्या."

भगदाड गवंड्याकडून नीट करून घेतलं. गवंडी मनकर्णानं बोलावला, आणि तिनं त्याला ते थोडं रुंदच करायला सांगितलं, पाटी अडकू नये म्हणून. आता सकाळी ती चौकातल्या पायरीवर बसते. भाजी समोरून चालत येते, फुलं चालत येतात, दूध येतं, गल्लीतल्या भांडणांच्या बातम्या तर दोन्ही बाजूंनी येतात. रशीदभाई जाता जाता ब्लाऊजचं माप विचारून जातात आणि येता येता शिवून आणतात. पायी अंतराच्या घराचा पुरेपूर फायदा तीच घेते, एक पाऊलही न चालता. मी तेवढा ऑफिसला चालतो.

मागच्या रविवारी मी चौकात खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. एक अनोळखी गृहस्थ पुढच्या दारातून आले. हातात गाठोडं, बहुधा अजिंठ्याकडचे असावेत. मधोमध थबकले आणि फुलं घेऊन चाललेल्या आवडाबाईंना त्यांनी विचारलं, "बाई, हे घर कोनाचं?"

"मनकर्णाबाईंचं."

गृहस्थांनी माझ्याकडं बोट केलं. "आन् हे?"

आवडाबाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्या मनानं फार चांगल्या आहेत, त्यामुळं त्यांनी थोडा विचार केला.

"बिचारे चांगले हायेत," त्या म्हणाल्या. "फकस्त रस्त्यात बसत्यात."

मी खुर्ची भिंतीला लावली. गृहस्थ थँक्यू म्हणून गेले.