आबांची मोटार आणि नानांची चावी

धुळ्याला जाताना बरोबर फक्त एक पेन ड्राइव्ह न्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. (केळीचे वेफर्स न्यायचं माझ्या बायकोने, मेघाने ठरवलं होतं. ते मी जळगावातच विसरलो, आणि त्या विषयावर ती एसटीत पुरेसं बोलली.)

पेन ड्राइव्हमध्ये माझे आजोबा होते, भडगावचे झुलाल आबा. त्यांच्याकडे त्या काळी काळीभोर मोटार होती आणि एका फोटोग्राफर मित्राने तिची फिल्म काढली होती. ती रिळं माळ्यावर सापडली. मी ती दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर घेतली आणि स्वतः एकदाही न बघता थेट सासरी, धुळ्यातल्या देवपूरला निघालो. कारण सरळ होतं. माझे सासरे, जीवराम नाना, नव्या गाडीची चावी घरात कुणालाही द्यायचे, फक्त मला नाही. (लायसन्स आहे हो माझ्याकडे!) संध्याकाळी साखरपुड्याला जायचं होतं, आणि आज गाडी मीच चालवायची असा माझा बेत होता.

"नाना, आमच्याकडे ड्रायव्हिंग पिढीजात," टीव्ही लावता लावता मी म्हणालो. "आबा निघाले की अख्खं गाव बघत राहायचं."

पडद्यावर गाव खरंच बघत होतं. दिवस पोळ्याचा होता. सजवलेल्या बैलांच्या रांगेत शेवटी आमची मोटार उभी, टपावर झूल, दिव्यांना गोंडे. माझी आजी, बेबाबाई, ताट घेऊन आली. एकेका बैलाला तिने खापरावरची पुरणपोळी भरवली आणि मोटारीपुढे येऊन अडली. आता हिला तोंड कुठलं? मग तिने पुढचं, रेडिएटरचं झाकण उघडलं. आबा रोज तिथेच पाणी ओतायचे, म्हणजे तोंड तेच! तुपात भिजलेली अख्खी पुरणपोळी आजीने प्रेमाने आत कोंबली, आणि लेकरू उपाशी राहू नये म्हणून वर आणखी एक.

मिरवणूक निघाली. मोटार थोडी चालली आणि तिच्या नाकातून वाफ यायला लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आबा उतरले. वाफ निवल्यावर झाकण उघडून त्यांनी बोटाने पुरण बाहेर काढलं आणि आजीकडे पाहिलं. आजीने पदरात तोंड लपवलं. सगळं गाव हसत होतं.

आणि आबाही हसले! पोट धरून हसले. मग त्यांनी मोटारीला बैल जुंपले, दार उघडून आजीला शेजारी बसवलं आणि स्टेअरिंग धरून राजासारखी गावाला फेरी मारली. बैल ओढत असलेल्या मोटारीतल्या त्या माणसाचा मला इतका अभिमान वाटला की माझे डोळे भरून आले.

नानाही डोळे पुसत होते. "काय माणूस व्हता! बायकोनी एवढी महागनी गाडी बंद पाडी, आन हाऊ हसस!"

"नही ते काय," सासूबाई पुष्पाबाई म्हणाल्या. "आठे वरणमा मीठ कमी पडनं तरी लोके घर डोकावर लेतस."

नाना गडबडले. विषय बदलायला त्यांनी चावीच माझ्या हातात ठेवली. "ल्या पाव्हना. आज गाडी तुम्हीच चालावा."

सगळे अंगणात आले. मी ऐटीत बसलो, आरसा नीट केला, भांग नीट केला आणि गाडी मागे घेतली.

"अहो, खांब आहे," शेजारून मेघा म्हणाली.

"दिसतोय मला! तू मध्ये बोलू नकोस! ड्रायव्हिंग काय असतं ते तुला..."

पुढचं खांबाने ऐकवलं.

नाना शांतपणे आले. वाकून चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. "गाडीनं काही नही पाव्हना. पोचा शे, निंघी जाई." मग हात पुढे केला. मी चावी दिली. "पन तुमना आबा बायकोवर वरडनात नही."

चावी मेघाकडे गेली. तिने गाडी झकास नेली. साखरपुड्यात नाना मला हाताला धरून एकेका पाहुण्यापुढे उभं करत होते. "हाऊ भडगावना झुलाल आबासना नातू! काय माणूस व्हता!" लोक कौतुकाने माझ्याकडे पाहायला लागले की ते लगेच पुढे सांगायचे, "आबासवर नही गया."