सात नंबरची दृष्ट

ईशा आणि रोहन,

मागच्या रविवारी फोनवर मी सारखी खोकत होते आणि तुम्ही दोघं घाबरलात. ईशाने तर मला डॉक्टरकडे जायची तंबीच दिली. मला काहीही झालेलं नाही. खालच्या मजल्यावरचे माने टीव्हीवरून मिरच्या ओवाळत होते, आणि मी तिथे बसले होते. हे वाक्य वाचून तुमची काळजी कमी होणार नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

माने मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, निवृत्त झाल्यावर करंजाड्याला आमच्या इमारतीत आले. यंत्रांच्या आवाजावर मात करायला कमावलेला गळा त्यांनी घरीही तसाच ठेवला आहे. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: परमनंट आणि बदली, म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरती. सोसायटीचा नवा सेक्रेटरी बदली. इस्त्रीवाला परमनंट. लिफ्ट रोजंदारीवर. पाण्याची मोटर चालू राहिली की मी न चुकता वॉचमनला फोन करते, म्हणून मला त्यांनी पहिल्याच वर्षी कायम करून टाकलं.

त्यांचा नातू ओंकार तुमच्या अमेरिकेत कॉलेजात शिकतो आणि तिकडचा फुटबॉल खेळतो, ज्यात पायाला काम फार थोडं असतं. तो क्वार्टरबॅक आहे. म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मला मान्यांनी समजावलं.

"सोप्पं हाय बाई. सगळा माल आधी ह्याच्या हातात येतो. पुढं कुणाकडं फेकायचा, ते हा ठरवणार. जागा एक, उमेदवार तीन, तिघंबी बदली. मार्च-एप्रिलात सराव घेत्यात. साहेब बघतो आन एकाला परमनंट करतो."

यापेक्षा स्वच्छ व्याख्या मला इंग्रजीतही सापडली नाही.

सरावाचे छोटे व्हिडिओ ते कॉलेज टाकतं, आणि आपल्याकडे सकाळी ते दिसतात. इंग्रजीसाठी म्हणून मान्यांनी मला बोलावलं. इंग्रजी त्यात नावालाच असे, बाकी सगळा ढोलताशा. पण चहा चांगला असायचा, म्हणून मी जात राहिले. तीनही उमेदवारांना सरावात लाल शर्ट देतात. लाल शर्टवाल्याला कुणी धक्का मारायचा नाही, असा नियम. मान्यांना हा नियम फार आवडला. "असला शर्ट कारखान्यात असता तर युनियनवाल्यांसमोर मी तोच घालून गेलो असतो," म्हणाले.

व्हिडिओ संपला की दृष्ट. शेवटच्या चित्रावर टीव्ही थांबवायचा. खांद्यावर नॅपकिन टाकायचा, मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घ्यायच्या आणि सात नंबरच्या शर्टावरून ओवाळायच्या. "आल्यागेल्याची, शेजारपाजारची, साहेबाची, त्या सतरा नंबरवाल्याची..." मग मिरच्या स्वयंपाकघरात तापलेल्या लोखंडी कढईत. ठसका लागला तर दृष्ट नव्हती, लागला नाही तर होती, आणि जळून गेली. अख्खा जिना खोकायचा. माने समाधानाने म्हणायचे, "काय नव्हतं. निस्ती हवा."

सात म्हणजे ओंकार. गेल्या वर्षीच्या फोटोत त्याच्या छातीवर सातच होता. या मुलांच्या डोक्यावर लोखंडी जाळीचं शिरस्त्राण असतं, तोंड दिसत नाही. पण मान्यांना तोंडाची गरज नव्हती. "चाल बघा. आमच्या घराण्याची हाय. डावा खांदा जरा खाली, माझ्या थोरल्या भावाचा तसाच होता." दोन दिवसांनी मलाही त्या कधी न पाहिलेल्या भावाचा खांदा दिसायला लागला.

आणि सतरा नंबर हा शत्रू. त्याच्यावर मान्यांची विशेष मर्जी. "ह्याचे पाय बघा, नुकतं झोपेतून उठल्यावानी. ह्याला गेटावरनंच घरी पाठवला असता मी." चेंडू त्याच्या हातून निसटला की माने मांडीवर थाप मारत. मी एकदा म्हटलं, "तोही कुणाचा तरी नातू असेल." माने म्हणाले, "असंल की. त्याच्या आज्याला सांगा, पोराला दुसरा धंदा बघा म्हणावं."

सराव संपला, साहेबांनी निवड जाहीर केली. सात नंबर परमनंट. मान्यांनी जिन्यात पेढे वाटले. त्याच संध्याकाळी त्यांनी अमेरिकेला व्हिडिओ कॉल लावला आणि मला शेजारी बसवलं.

ओंकार पडद्यावर आला. डोळे सुजलेले. माने ओरडले, "अभिनंदन, सात नंबर!"

त्याने फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाला, "नाना, या वर्षी मी सतरा आहे. सात एका सीनियर मुलाने घेतला. तो दुसऱ्या कॉलेजमधून आलाय. सिलेक्ट तो झाला."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही रोज बघत होता ना. मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल."

मान्यांचा आवाज मी प्रथमच खाली आलेला ऐकला. "दिसत हुता की," ते म्हणाले. "चांगला फेकत हुतास."

त्यानंतर बरेच दिवस जिना स्वच्छ होता. कुणी खोकलं नाही. लोकांना बरं वाटलं, मला वाटलं नाही. मागच्या रविवारी मीच खाली गेले. दार उघडंच होतं. टीव्हीवर जुना व्हिडिओ थांबवलेला, सात नंबर हात उगारून उभा. माने त्याच्यावरून मूठ फिरवत होते.

"अहो माने," मी म्हटलं, "हा तर तुमच्या नातवाच्या जागेवर बसलाय."

"बसंना. एवढे दिवस काढली, आता मधीच सोडायची का? त्याचं तिकडं कोण हाय, कुणाला ठावं." मूठ फिरवता फिरवता म्हणाले, "हे काम खरं तर हिचं. मी आपला बदलीवर."

हिचं म्हणजे सुमनवहिनींचं. त्या गेल्या तेव्हा तुमचे बाबा इथेच होते, त्यांना आठवत असेल. ओंकार सुट्टीला आला की विमानतळावरून आल्या-आल्या दारातच त्या त्याची दृष्ट काढत. माने तेव्हा सोफ्यावरून हसायचे.

सातच्या मिरच्या कढईत गेल्या. माने खोकले, मी खोकले. मग त्यांनी व्हिडिओ पुढे सरकवला. सतरा नंबर कडेला उभा होता, कमरेला टॉवेल खोचून, मैदानाकडे बघत. त्यांनी चित्र थांबवलं, नवी मूठ भरली.

"आल्यागेल्याची," ते म्हणाले, "शेजारपाजारची." मग मूठ हवेतच थांबली. "आज्याची."

एवढंच म्हणून त्यांनी मिरच्या कढईत टाकल्या आणि वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी स्वतःचा श्वास रोखून धरला होता हे मला दिसत होतं.

मी आयुष्यभर इंग्रजी शाळेत शिकवलं. दृष्ट मानत नाही. घशात निखारा गेल्यासारखं झालं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. मी पदर तोंडाला लावला नाही आणि खोकले नाही.

"हुती बघा," माने हळूच म्हणाले. "लई हुती. गेली."

मी मान हलवली, जिना चढून वर आले, दार लावलं, आणि तेवढ्यात तुमचा फोन आला.

माझा घसा आता बरा आहे. तिकडचा सराव संपला, लाल शर्ट धुऊन ठेवले असतील. मान्यांची कढई अजून चढते, रोज दोनदा, आधी सातची आणि मग सतराची.

तुमची आजी