सीलबंद बारा गाणी

क्लाइव्ह हेपवर्थचं पाकीट रविवारी दुपारी बारा वाजता फोडायचं ठरलं होतं. त्याच्या आईने, विनिफ्रेडबाईंनी, साडेअकरालाच सगळ्यांना बजावलं, "बाराला फोडा नाहीतर पावणेबाराला, एकच्या ठोक्याला जेवण टेबलावर येणार. भाजलेलं मटण गार झालं तर मला बोलायचं नाही."

पाकीट साधंसुधं नव्हतं. १९८२ साली, एकविसाव्या वर्षी, क्लाइव्हने इंग्लंडमधल्या बार्न्सली गावातल्या याच घराच्या माडीवरच्या खोलीत बारा गाणी रेकॉर्ड केली होती. त्या काळी गिटार घेऊन गाणी रचणारा प्रत्येक पोरगा एक उद्योग हमखास करायचा. गाणी कुणी चोरू नयेत म्हणून कॅसेट पाकिटात घालायची, लाखेने सील करायची आणि स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवायची. शिक्क्यावर तारीख असते. उद्या चोर सापडलाच, तर न फोडलेलं पाकीट न्यायाधीशापुढे ठेवायचं. शहाणी माणसं ऐकायला एक जादा कॅसेट काढून ठेवत. क्लाइव्ह प्रतिभावंत होता, त्याने ती काढली नाही. मग फोडावं तर पुरावा जातो, न फोडावं तर गाणी ऐकवणार कुठून? बेचाळीस वर्षं पाकीट आईच्या कपाटात पडून राहिलं. गाणी कुणी चोरली मात्र नाहीत, हे मान्य करायलाच हवं.

मधल्या काळात क्लाइव्हचं एक गाणं तीन आठवडे रेडिओवर वाजलं आणि विसरलं गेलं. पण जो भेटेल त्याला तो सांगायचा, "ते काहीच नाही हो. खरा माल पाकिटात आहे." सांगून सांगून त्या पाकिटाचा एवढा बोलबाला झाला, की नॉर्वेतल्या एका गृहस्थाने न ऐकलेल्या त्या गाण्यांवर चाळीस पानी निबंध लिहिला. क्लाइव्हला स्वतःला त्या गाण्यांमधली एक ओळही आठवत नव्हती. फक्त गाणी थोर होती, एवढं पक्कं आठवत होतं.

आणि आता लंडनची एक कंपनी ती गाणी बाजारात आणणार होती. क्लाइव्ह त्रेसष्ट वर्षांचा झाला होता. तबकडी निघाली तर तो क्लाइव्ह हेपवर्थ, नाही निघाली तर जन्मभर 'तो तीन आठवडेवाला'. बिचाऱ्याला रात्रभर झोप नव्हती.

कंपनीचा माणूस रुपर्ट कॅसेट वाजवायचं यंत्र घेऊन आला होता. त्याने मोबाइल स्टँडवर लावला. "चाहत्यांसाठी सगळं टिपून ठेवू. क्लाइव्ह, फोडा."

क्लाइव्हने पाकीट फोडलं, कॅसेट यंत्रात घातली आणि डोळे मिटून घेतले. आधी खरखर झाली. मग एक ठणठणीत बाई म्हणाली, "गुडघा वर! पोट आत! आणि आता डावा पाय!"

रुपर्टने अदबीने विचारलं, "हे... प्रयोगशील आहे का?"

"हे माझं नाही!" क्लाइव्ह किंचाळला.

"अगं बाई," विनिफ्रेडबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ही इथे होती होय? मासिकाबरोबर फुकट आली होती. दोनदाच केला व्यायाम, कंबर धरली."

रुपर्टने मोबाइल बंद केला.

"आई," क्लाइव्ह म्हणाला, "माझी कॅसेट कुठंय?"

"ओरडतोस काय? डोरीन ऑस्ट्रेलियाला गेली, तेव्हा आम्ही बहिणी कॅसेटवर बोलून पत्रं पाठवायचो. फोन कुणाला परवडत होता? घरात कॅसेट नव्हती, तू लोळत पडलेला. सही करून पाकीट मीच घेतलं होतं, म्हणजे माझंच की. वाफेवर धरलं, लाख मऊ झाली, उघडलं. वर काही लिहिलेलं नव्हतं, मला वाटलं कोरी आहे."

"मग त्यात व्यायाम कशाला घातलास?"

"रिकामं पाकीट हाताला लागलं असतं ना तुझ्या!"

क्लाइव्ह मटकन खुर्चीत बसला. रुपर्ट मात्र लंडनला रिकाम्या हाताने जाणारा नव्हता. त्याने क्लाइव्हकडून डोरीनमावशीला पर्थला व्हिडिओ फोन लावून घेतला. तिकडे संध्याकाळ झाली होती आणि मावशी सूप पीत होत्या.

"ती कॅसेट? आहे की! अकरा वर्षं तीच फिरत होती. विनी बोलायची, मी ऐकायची, त्याच्यावरच उलट बोलून परत पाठवायची. कॅसेट काय दर वेळी नवी घ्यायची?"

"अकरा वर्षं," क्लाइव्ह पुटपुटला. "एकावर एक."

"तुझ्या आईचं तोंड कुठे बंद असतं, राजा! पण शेवटाला थोडं राहिलंय. एक मुलगा रडत-रडत गातो. मला वाटायचं, विनीने रेडिओ चालूच ठेवला."

रुपर्ट उडालाच. "मावशी, वाजवा! तेवढंच वाजवा!" आणि त्याने दुसऱ्या हाताने स्टँडवरचा मोबाइल पुन्हा चालू केला.

मावशींनी कॅसेट लावली. आधी १९९३ सालच्या विनिफ्रेडबाई शेजारणीच्या ऑपरेशनबद्दल बोलल्या. मग खट्ट आवाज झाला, आणि बेचाळीस वर्षांपूर्वीचा क्लाइव्ह गाऊ लागला. गिटार किंचित बेसूर होती, आवाज कोवळा होता. माझ्या आईने माझं एकही गाणं कधी ऐकलं नाही, ती जिन्याखाली भांडी आपटते आणि मी वर एकटा मरतो, असं काहीसं ते गाणं होतं. शेवटी तो खरंच रडत होता. मावशीही सूप टाकून रडत होत्या. रुपर्टचे डोळे भरून आले.

विनिफ्रेडबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. क्लाइव्हला एकदम लाज वाटली. तो मागोमाग गेला.

"आई, एकविसाचा होतो गं. मनावर घेऊ नकोस. तू ऐकलं नाहीस, त्यात तुझा काय दोष?"

"कोण म्हणतं ऐकलं नाही?" रस्सा ढवळत विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "बाराच्या बारा ऐकली. दोनदा."

"म्हणजे? तू तर म्हणालीस, कोरी वाटली!"

"त्या परक्या माणसासमोर काय सांगू?"

"ऐकली होतीस, तर पुसलीस का?"

"ऐकली होती म्हणूनच." त्यांनी रश्शात मीठ टाकलं. "हे शेवटचं जरा बरं होतं. बाकी अकराची चाल एकच, क्लाइव्ह. आणि ते थडग्यावरचं तर नऊ मिनिटांचं. मी म्हटलं, हे बाहेर गेलं तर पोराला लोक उभं करणार नाहीत. पुन्हा नव्याने करेल, तर चांगली करेल."

क्लाइव्ह ओट्याला टेकून उभा राहिला. ज्या गाण्यांच्या जिवावर त्याने उभा जन्म काढला, ती ऐकलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते हातात पळी घेऊन समोर उभं होतं.

तेवढ्यात रुपर्ट मोबाइल घेऊनच आत आला. "अप्रतिम! हे एकच गाणं आम्ही काढू. पण बाकीची अकरा गेली हो! मिसेस हेपवर्थ, कॅमेऱ्याकडे बघा. पुसण्याआधी त्यातलं एखादं तरी तुमच्या कानावर पडलं होतं का?"

क्लाइव्हचा चेहरा पांढराफटक पडला. आपली आई कधी तोंडदेखलं बोलत नाही, हे अख्ख्या बार्न्सलीला ठाऊक होतं. पाद्रीबुवांनासुद्धा त्या प्रवचन लांबलं म्हणून सांगत.

विनिफ्रेडबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग एप्रनला हात पुसले आणि केस सारखे केले.

"पडलं होतं की. सगळी ऐकली. आता वाजवलंत ना, ते त्यातलं सगळ्यात साधं. बाकीची अकरा..." त्यांनी मोठा उसासा टाकला. "काय सांगू, बाळा! अंगावर काटा यायचा. एकेकाची चाल वेगळी. तशी गाणी पुन्हा कुणाला जमायची नाहीत. माझ्या या हातांनी पुसली मी ती. जाताना हीच एक बोच घेऊन जाणार बघा."

रुपर्ट हुंदका आवरत चित्रण करत होता. क्लाइव्हने मान खाली घातली. त्याचे खांदे गदगदा हलत होते. तो हसत होता की रडत होता ते कॅमेऱ्यात काही कळलं नाही, पण नॉर्वेतल्या त्या गृहस्थाने त्यावर आणखी चाळीस पानं लिहिली.